आपल्या भाषेचें पत्र आणि लोकांचें आरोग्य

वैद्याचें औषध कितीही गुणकारी असलें तरी तें रोग्याच्या पोटांत जाईपर्यंत त्याचा कांहीं उपयोग नसतो. आणि तें पोटांत जावें कीं न जावें हें वैद्य ठरवीत नाहीं, रोग्याचा विश्वास ठरवितो. घरोघर अनुभवाला येणारी ही गोष्ट आहे. एखादी गोळी घ्या म्हणून सरकारी माणूस दारीं येऊन सांगूं लागला, म्हणजे घरधनी दार लोटून घेतो. आणि तीच गोळी घरच्या म्हातारीनें पुढें केली तर तो निमूटपणें गिळतो. गोळी तीच, सांगणारा निराळा. एखाद्या प्रांताचें, जमातीचें अथवा भाषेचें जें स्वतःचें वर्तमानपत्र असतें, त्याचें स्थान या दोघांच्या मधोमध आहे. त्याच्याजवळील माहिती बाहेरून आलेली असते, पण बोली घरची असते. म्हणून आरोग्याच्या बाबतींत अशा पत्राच्या हातून जें हित होतें तें सरकारी फर्मानानें होत नाहीं, आणि जें अहित होतें तेंही शत्रूच्या हातून होत नाहीं.

हा विचार हवेंतला वाटूं नये म्हणून तो एका गांवाच्या आधारानें करणें बरें. भंडारा जिल्ह्यांतील पवनी हें वैनगंगेच्या कांठचें गांव फार पुरातन आहे. भोंवतालच्या तटाबुरुजांबद्दल तें प्रसिद्ध आहे. कोष्ट्यांच्या मागांवर विणलेल्या रेशीमकांठी वस्त्रांबद्दलही त्याचा लौकिक होता. १९६९-७० सालीं तेथील टेकड्यांवर उत्खनन झालें, तेव्हां बौद्ध स्तूपांचे अवशेष उजेडांत आले. त्या स्तूपांच्या दगडी कठड्यांवर ब्राह्मी लिपींत लेख कोरलेले आहेत, आणि त्यांची भाषा पंडितांची संस्कृत नसून त्या काळची लोकभाषा प्राकृत आहे. चार लोकांना जें कळवावयाचें तें चार लोकांच्या बोलींत कळवावें, हा धडा या गांवाच्या मातींत दोन हजारांहून अधिक वर्षें पुरलेला होता.

आज त्याच पवनीपुढें व तिच्या आसमंतांतील खेड्यांपुढें आरोग्याचा एक प्रश्न आहे, आणि तो सोडविण्याचें साधन लोकांच्या हातीं असूनही तें वापरावें कीं नाहीं, याविषयीं त्यांचें मन साशंक असतें. हा प्रश्न हत्तीरोगाचा होय. महाराष्ट्रांतील जे जिल्हे हत्तीरोगग्रस्त म्हणून गणले गेले आहेत, त्यांत भंडारा आहे. सांडपाण्यांत वाढणारा क्यूलेक्स जातीचा डास या रोगाचे सूक्ष्म जंतू एकाच्या रक्तांतून दुसऱ्याच्या अंगीं नेतो. जंतू शरीरांत शिरल्यानंतर कित्येक वर्षें मनुष्य बाहेरून धडधाकट दिसतो. नांगर धरतो, माग चालवितो, नदींत जाळें टाकतो. पाय सुजून हत्तीच्या पायासारखा दिसूं लागला म्हणजे मग रोग ओळखूं येतो. परंतु त्या अवस्थेंत सूज मुळापासून घालविणें वैद्यकाच्या हातीं राहात नाहीं. म्हणून ज्या भागांत रोग आहे, त्या भागांतील रोगी व निरोगी अशा सर्वांनींच वर्षांतून एकदां औषधाच्या गोळ्या घ्याव्या, अशी योजना आहे. डायइथाइलकार्बामाझिन व अल्बेंडाझोल हीं दोन औषधें त्यांत असतात; कित्येक जिल्ह्यांत आयव्हरमेक्टिन हें तिसरें औषधही दिलें जातें. दोन वर्षांखालील मुलें, गरोदर स्त्रिया व फार आजारी माणसें यांना त्यांतून वगळलेलें असतें.

आतां या योजनेकडे खेड्यांतील माणसाच्या दृष्टीनें पाहावें. ज्याला कांहीं होत नाहीं त्यानें औषध कां घ्यावें, हें त्याला कळत नाहीं. या रोगाचे जंतू रक्तांत रात्रीं अधिक सांपडतात, म्हणून तपासणीसाठीं आरोग्यखात्याचीं माणसें रात्रीं येऊन बोटांतून रक्त घेतात. तेंही त्याला चमत्कारिक वाटतें. शिवाय ज्याच्या रक्तांत जंतू असतात त्याला गोळी घेतल्यावर थोडा ताप, डोकेदुखी, मळमळ किंवा भोवळ येण्याचा संभव असतो. हे जंतू मरूं लागल्याचें तें चिन्ह आहे आणि बहुधा एकदोन दिवसांत तें जातें. पण शेजाऱ्याला भोवळ आली एवढेंच ज्यानें पाहिलें, तो आपल्या गोळ्या उंबऱ्याबाहेर टाकून देतो. त्यानें टाकलेल्या गोळ्यांचा परिणाम त्याच्या एकट्यावर होत नाहीं. त्याच्या रक्तांतील जंतू डासांबरोबर गांवभर हिंडत राहतात. अशा वेळीं सकाळच्या मोटारीनें नागपुराहून आलेलें मराठी पत्र काय म्हणतें, आणि तें ज्या शब्दांत म्हणतें ते शब्द चहाच्या दुकानांत मोठ्यानें कसे वाचले जातात, यावर पुष्कळ गोष्टी अवलंबून असतात.

महाराष्ट्रानें या प्रश्नाचा सर्वांत कठोर अनुभव प्लेगच्या सालीं घेतला. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉक्टर अकासियो व्हीगस यांनीं प्लेगचा रोगी ओळखला. सरकार घाबरलें व त्यानें सक्तीचा मार्ग धरला. रोग्यांना घरांतून उचलून नेऊं लागले, तेव्हां दवाखान्यांत नेऊन माणसें मारतात आणि त्यांच्या शरीरांतून मोमियाई काढतात, अशी अफवा गिरणगांवांत पसरली. २९ ऑक्टोबर १८९६ रोजीं गिरणीकामगारांच्या जमावानें आर्थर रोडवरील रुग्णालयावर हल्ला केला. ज्या घरांत औषध पोंचावयाचें त्याच घरांतून लोक शहर सोडून पळूं लागले, आणि पळणाऱ्यांच्या बोचक्यांबरोबर रोगही गांवोगांव गेला.

१८९७ च्या फेब्रुवारींत साथीच्या रोगांचा कायदा झाला, आणि पुण्यांत रँडसाहेबांच्या कमिटीनें गोऱ्या शिपायांकडून घरांच्या झडत्या सुरू केल्या. देवघर, स्वयंपाकघर, बायकांची खोली असा कांहीं भेद राहिला नाहीं. या वेळीं मराठी पत्रांपुढें दोन सोपे मार्ग होते. सरकार करतें तें शास्त्रास धरून आहे, तेव्हां मुकाट्यानें सोसा, असें म्हणणें हा एक. आणि सरकार करतें तें सर्व जुलमी आहे, तेव्हां रोगी लपवा, असें म्हणणें हा दुसरा. टिळकांच्या ‘केसरी’नें या दोहोंपैकीं एकही पूर्णपणें पत्करला नाहीं. त्यानें झडत्यांच्या पद्धतीवर कडक टीका केली, परंतु रोग्याला निराळें ठेवणें व स्वच्छता राखणें अवश्य आहे हेंही लोकांना सांगितलें. शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांनाही त्यानें बोल लाविला. स्वतः टिळक पुण्यांत राहिले; हिंदु रोग्यांसाठीं निराळें रुग्णालय काढण्यांत त्यांनीं पुढाकार घेतला, आणि विलगीकरणाच्या छावणींतील लोकांच्या जेवणाची सोय केली. पत्रांत लिहिलेल्या ओळीच्या मागें लिहिणाराचा देह उभा होता, म्हणून त्या ओळीला वजन आलें.

या गोष्टीचा शेवट सुखाचा झाला नाहीं हें खरें. २२ जून १८९७ च्या रात्रीं रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षीं ‘केसरी’तील लेखनावरून टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखालीं अठरा महिन्यांची शिक्षा झाली. तथापि पुढें सरकारलाच आपलें धोरण सैल करावें लागलें. नुसत्या शिपायाच्या बळावर साथ आवरत नाहीं, लोकांचे पुढारी, त्यांचे वैद्य व त्यांचीं मनें आपल्याकडे वळविलीं पाहिजेत, हें त्यास कळून चुकलें. हाफकिन यांनीं मुंबईंत तयार केलेली लस १० जानेवारी १८९७ रोजीं प्रथम स्वतःच्याच अंगांत टोंचून घेतली होती. शास्त्रज्ञालाही आपल्या औषधासाठीं साक्षीदार म्हणून स्वतःचाच दंड पुढें करावा लागला. लोक अगोदर सांगणाऱ्याकडे पाहतात आणि मग सांगितलेल्या गोष्टीकडे पाहतात, याचा याहून बोलका पुरावा शोधण्याचें कारण नाहीं.

त्याच साथींत दुसरीही एक परंपरा कसोटीस लागली. कृष्णराव भालेकरांनीं १८७७ सालीं काढलेलें ‘दीनबंधु’ हें पत्र शेतकरी व कामकरी वर्गाचें स्वतःचें पत्र होतें. मुंबईंत तें चालविणारे नारायण मेघाजी लोखंडे हे गिरणीकामगारांचे पुढारी. फेब्रुवारी १८९७ मध्यें ते प्लेगनेंच वारले. पुढच्याच महिन्यांत, १० मार्च रोजीं, रोग्यांची शुश्रूषा करतां करतां सावित्रीबाई फुले यांचाही त्याच रोगानें अंत झाला. ज्यांनीं लोकांना आपलें म्हटलें, ते लोकांच्या रोगापासून दूर राहिले नाहींत.

आपलें पत्र म्हणजे काय, याचें मर्म पुढील पिढींत याहूनही स्पष्ट झालें. डॉक्टर आंबेडकरांनीं ३१ जानेवारी १९२० रोजीं ‘मूकनायक’ काढलें व ३ एप्रिल १९२७ रोजीं ‘बहिष्कृत भारत’ सुरू केलें. या दोहोंच्या मध्यें नव्हे, तर दुसऱ्याच्या अगदीं उंबऱ्यावर, १९२७ च्या मार्चमध्यें महाडची परिषद झाली आणि चवदार तळ्याचें पाणी हातांत घेतलें गेलें. त्याच महाडच्या परिषदांतून दुसरीही एक गोष्ट अस्पृश्य समाजास सांगितली गेली: मृत जनावराचें मांस खाणें सोडा, स्वच्छ राहा. विचार करण्यासारखी गोष्ट ही, कीं मेलेल्या ढोराचें मांस वाईट, हें या समाजानें पूर्वीं ऐकलें नव्हतें असें नाहीं. शतकानुशतकें तें त्याला तुच्छतेनें ऐकविलें जात होतें. परंतु तिरस्कारानें सांगितलेलें आरोग्य कोणी घेत नाहीं. तोच उपदेश जेव्हां पाण्याच्या हक्कासाठीं लढणाऱ्या आपल्या पुढाऱ्याकडून व आपल्या पत्राकडून आला, तेव्हां तो स्वाभिमानाचा भाग झाला. पुष्कळ गांवच्या महारवाड्यांनीं अन्नाची चणचण सोसून ही चाल सोडली.

नागपूरकडील भागांत याच मार्गाचा आरंभ त्याही आधीं झाला होता. मोहपा येथील किसन फागूजी बनसोडे यांनीं ‘निराश्रित हिंद नागरिक’, ‘विटाळ विध्वंसक’, ‘मजूर पत्रिका’, ‘चोखामेळा’ अशीं पत्रें एकामागून एक काढलीं. त्यांपैकीं कोणतेंही पत्र धनाढ्य नव्हतें. तथापि एका अंकाचे वाचक मोजतांना तो किती हातांत गेला हें पाहून भागत नाहीं. तो किती कानांवर पडला हें पाहावें लागतें. ज्या वस्तींत एकच मनुष्य साक्षर, त्या वस्तींत एकच अंक पन्नास घरांचा असे.

जें घरांतही बोलतां येत नाहीं, तें पत्रास विचारतां येतें, ही या विषयाची आणखी एक बाजू आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं जुलै १९२७ मध्यें ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलें व १९५३ पर्यंत, म्हणजे आपल्या मृत्यूपर्यंत, तें चालविलें. संततिनियमन, गुप्तरोग व स्त्रीपुरुषांचें शरीर हे त्याचे विषय. त्यापायीं त्यांच्यावर खटले झाले. १९३४ मधील खटल्यांत त्यांची बाजू आंबेडकरांनीं मांडली. तरी दंड भरावा लागलाच. परंतु त्या मासिकांतील वाचकांच्या शंका व त्यांचीं उत्तरें पाहिलीं म्हणजे असें दिसतें, कीं डॉक्टरासमोर ज्याची जीभ अडखळे तो मनुष्य मराठींत पत्र लिहावयास बसला म्हणजे मोकळा होई. मातृभाषेंत मनुष्य नुसतें ऐकून घेतो असें नाहीं, विचारूंही शकतो. आणि जेथें विचारतां येतें तेथेंच सांगितलेलें पटतें.

हा अनुभव मराठी मुलखापुरताच आहे असें नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आज चार कोटींहून अधिक लोक घरीं स्पॅनिश भाषा बोलतात. राज्यकारभार व वैद्यक इंग्रजींत, आणि आईचें अंगाईगीत स्पॅनिशमध्यें, अशी त्यांची स्थिति आहे. त्यांचीं पत्रें त्यांच्यासाठीं काय करतात, हें फ्लॉरिडांतील टँपा शहराच्या उदाहरणावरून कळतें. तेथील सिगारच्या कारखान्यांत क्यूबा व स्पेन येथून आलेले कामगार तंबाखूचीं पानें वळीत बसत, आणि त्यांनींच वर्गणी काढून नेमलेला वाचक उंच बैठकीवरून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. हात गुंतलेले, कान मोकळे. भंडारा-गोंदियाकडे तेंदूच्या पानांच्या विड्या वळणाऱ्या बायांकडे ज्यानें पाहिलें असेल, त्याच्या डोळ्यांपुढें हें चित्र तत्काळ उभें राहील. त्या कामगारांनीं परस्पर साहाय्याचीं मंडळें काढून दवाखान्यांची सोय केली. औषध आपलें आणि त्याची बातमीही आपल्या भाषेंत. १९३१ सालीं कारखानदारांनीं हे वाचक बंद केले. परंतु त्यांच्यापैकींच एक, व्हिक्टोरियानो मांतेइगा, यांनीं १९२२ सालींच ‘ला गासेता’ नांवाचें पत्र काढलें होतें. कारखान्यांतील आवाज असा अगोदरच कागदावर उतरला होता. पवनी व टँपा यांच्यामध्यें सात समुद्र आहेत. पण परक्या भाषेंतील सूचना कानावरून जाते व आपल्या भाषेंतील गोष्ट मनांत राहते, हा मनुष्यस्वभाव दोन्ही ठिकाणीं एकच आहे.

येथवर गुणांचें वर्णन झालें. आतां दोषांकडे पाहिलें पाहिजे. कारण ज्या विश्वासानें मनुष्य औषध घेतो, त्याच विश्वासानें तो विषही घेतो. जुन्या मराठी पत्रांचे अंक चाळले असतां अग्रलेखाच्या पाठीमागें सर्व रोगांवर एकच गुटिका, गेलेली शक्ति परत आणणारें रसायन, हटकून पुत्र देणारें चूर्ण, अशा जाहिरातींची रांग दिसते. पुढच्या पानावर ज्ञान आणि मागच्या पानावर भोंदूगिरी, आणि दोहोंना एकाच पत्राच्या नांवाचें छत्र! भोळ्या वाचकाला पानापानांतील भेद कळत नाहीं. आपल्या पत्रांत आलें तें खरें, एवढेंच त्याला ठाऊक. म्हणून १९५४ सालीं औषधें व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा करावा लागला. कायदा झाला तरी अशा जाहिराती अजून नष्ट झालेल्या नाहींत. त्यांनीं नवे वेष घेतले आहेत.

जाहिरातीहून सूक्ष्म असा दुसरा दोष मथळ्याचा आहे. गोळ्या घेतल्यानें विद्यार्थ्यांना भोवळ, एवढाच मथळा मोठ्या अक्षरांत छापला, आणि भोवळ कां आली, किती वेळ राहिली, मुलें उपाशीपोटीं होतीं कीं काय, सायंकाळीं तीं घरीं गेलीं कीं नाहीं, हें खालीं बारीक अक्षरांतही दिलें नाहीं, तर बातमी खोटी ठरत नाहीं, परंतु तिचा परिणाम खोट्या बातमीहून वाईट होतो. चहाच्या दुकानांत मथळाच वाचला जातो. दुसऱ्या दिवशीं आरोग्यसेविका दारीं आली म्हणजे घरांतील बाई गोळ्या हातांत घेते, नंतर खाईन म्हणते, आणि त्या फडताळांत ठेवून देते. आरोग्यसेविकेनें आपल्यासमोरच गोळ्या गिळावयास लावाव्या, असा नियम याचसाठीं आहे. परंतु ज्या विश्वासाला एका मथळ्यानें तडा गेला, तो नियमानें सांधला जात नाहीं.

तिसरा दोष लाज उत्पन्न करण्याचा. विदर्भांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार कांहीं आदिवासी व अनुसूचित जातींच्या समाजांत विशेष आढळतो. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणांत मूल रोगी निपजण्याचा संभव चारांत एक असतो. म्हणून विवाहापूर्वीं रक्ततपासणी व्हावी, असा वैद्यांचा आग्रह असतो. १ जुलै २०२३ रोजीं या विकाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली. परंतु हा अमक्या जातीचा रोग, अशा भाषेंत पत्रानें लिहिलें, तर त्या जातीचा तरुण तपासणीच टाळतो. कारण चिठ्ठीवर आलेला एक शब्द त्याच्या बहिणीच्या लग्नाच्या आड येईल अशी त्याला धास्ती असते. वाहक म्हणजे रोगी नव्हे, त्याला काम, संसार, सर्व कांहीं इतरांसारखें करतां येतें, जोडीदार निवडतांना मात्र दोघांचीही तपासणी असावी, असें साध्या शब्दांत लिहिलें, तर तोच तरुण रांगेंत उभा राहतो.

तेव्हां अशा पत्रापासून लोकांनीं काय मागावें? पहिली गोष्ट भाषेची. पवनीचा मुलूख झाडीपट्टींत मोडतो. तेथील घरांत झाडीबोली चालते. पुण्यामुंबईच्या छापील मराठींतील पारिभाषिक शब्द तेथें इंग्रजीइतकेच परके वाटतात. ज्या लोकांना दिवाळीनंतरच्या रात्रीं झाडीपट्टीचें नाटक पहाटेपर्यंत खिळवून ठेवतें, त्यांना आरोग्याची गोष्ट कळत नाहीं असें म्हणणें म्हणजे सांगणाऱ्यानें आपली उणीव ऐकणाऱ्याच्या माथीं मारणें होय. १९४८ सालीं नागपूरला रेडिओचें केंद्र झालें, तेव्हांपासून न वाचतां येणाऱ्याच्या कानापर्यंतही शब्द पोंचूं लागला आहे. तो शब्द त्याच्या ओळखीचा असला पाहिजे.

दुसरी गोष्ट वेळेची. गोळ्या वांटून झाल्यावर त्यांची बातमी देणें हें अर्धेंच काम आहे. वांटण्याच्या आठ दिवस आधीं, त्या कोणी घ्याव्या, कोणी घेऊं नये, उपाशीपोटीं घेऊं नयेत, घेतल्यावर काय होण्याचा संभव आहे व तसें झाल्यास कोणत्या दवाखान्यांत जावें, हें छापलें गेलें, तर दुसऱ्या दिवशींची भोवळ ही अफवा होत नाहीं. ती आधीं सांगितलेली गोष्ट ठरते. ज्यानें आधीं खरें सांगितलें त्याचें नंतरही ऐकतात.

तिसरी व सर्वांत कठीण गोष्ट निर्भयतेची, आणि ती दोन्हीकडची हवी. दवाखान्यांत औषध नसलें, गटारें तुंबलीं, डासांची पैदास नगरपालिकेच्या दुर्लक्षानें वाढली, तर तें पत्रानें स्पष्ट छापावें. तेंच पत्र गोळी घ्या म्हणून सांगेल तेव्हां लोकांना तें खात्याचें हस्तक वाटणार नाहीं. आणि लोक स्वतः चुकत असतील, सांडपाणी दारांत साठवीत असतील, पोर फणफणलें असतां दवाखाना सोडून मांत्रिकाकडे जात असतील, तर तेंही तितक्याच स्पष्टपणें छापावें, मग चार वर्गणीदार रागावले तरी चालतील. लोकांची बाजू घेऊन जोडलेला विश्वास हें पत्राचें भांडवल होय. तें लोकांना रुचेल तेवढेंच सांगण्यांत खर्च केलें, तर पत्राचा खप वाढतो आणि वाचकाचा पाय सुजतो.

पवनीच्या एखाद्या वाड्यांत पुढच्या खेपेस आरोग्यसेविका गोळ्या घेऊन येईल, तेव्हां घरांतील बाई क्षणभर थांबेल. त्या क्षणीं तिच्या मनांत काल चहाच्या दुकानांतून घरीं आलेला मथळा असेल किंवा आठ दिवसांपूर्वीं मुलानें वाचून दाखविलेली साधी, खरी माहिती असेल. त्या दोहोंपैकीं काय असावें, हें नागपूरच्या व भंडाऱ्याच्या छापखान्यांतून आधींच ठरलेलें असतें. तेथें बसून मथळा लिहिणाऱ्यानें एवढी गोष्ट ध्यानांत ठेवावी.